मदत हवी आहे: चरबीच्या गाठीने घोड्याचं आतडं आवळलं, बाकीच्या घोड्यांसाठी काय काळजी घ्यावी?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय, पण वाचून उत्तर नक्की द्या.

आम्ही पाचगणीला टेबललँडवर घोडे चालवतो, वडिलांपासूनचा धंदा आहे. मागच्या महिन्यात आमचा मोती गेला. खच्ची केलेला घोडा, वय सतरा-अठरा, दात व्यवस्थित, जंताचं औषध वेळच्या वेळी, चाऱ्यात काही बदल नाही. त्या दिवशी संध्याकाळी कोंड्याला तोंडच लावलं नाही, मग वळून वळून पोटाकडे बघायला लागला, पायाने जमीन उकरायला लागला, शेवटी आडवा पडून लोळायलाच लागला. डॉक्टर लगेच आले, फ्लुनिक्सिनचं, म्हणजे दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ शांत झाला आणि परत सुरू, आधीपेक्षा जास्त जोरात. नाडी ४८ होती ती रात्रीत ७२ वर गेली, हिरड्या जांभळट पडल्या, नाकातून नळी घातली तर घाण वासाचं हिरवट पाणी बादलीभर आलं. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे ते पाणी काढलं नाही तर जठर फुटतं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की हा साधा गॅस नाही, आतडं कुठेतरी आवळलंय, ऑपरेशन लागणार. गाडी मिळेपर्यंत पहाट झाली आणि तोवर त्याच्यात उभं राहायचं बळच उरलं नव्हतं.

पोस्टमॉर्टेम आम्ही मुद्दाम करून घेतलं. आतडी ज्या पातळ पडद्याला लटकलेली असतात त्याला चरबीची एक गाठ होती, संत्र्याएवढी, लांब देठाला लोंबणारी. तो देठ लहान आतड्याभोवती फिरून गाठ त्यातच अडकली होती आणि गच्च फास बसला होता. फासाच्या अलीकडचं आतडं फुगलेलं पण रंगाने बरं, आणि फासात सापडलेलं कित्येक फूट काळंनिळं. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता बाकीच्या दोघांची काळजी लागलीय. एकाला गव्हाणीच्या लाकडाला दात टेकवून हवा ओढायची खोड आहे, असल्या घोड्यांचं आतडं आत कुठल्यातरी फटीत अडकतं म्हणतात, ते खरं का? दुसरा अंडील, म्हणजे खच्ची न केलेला आहे, काठियावाडी, सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला, त्याला काही वेगळा धोका? आणि अशी चरबीची गाठ सोनोग्राफीत आधी कळते का?

शिवारवैद्य:
दादा, मोतीचं वाचून फार वाईट वाटलं. घोड्यांचाच डॉक्टर आहे म्हणून सविस्तर लिहितो. ही गाठ साधी असते, कॅन्सरची नाही, साधारण बारा-पंधरा वर्षांच्या पुढच्या घोड्यांत दिसते, त्यातही खच्ची केलेल्या घोड्यांत आणि पोनींत जास्त. बारीक घोड्यांतही सापडते, त्यामुळे खाणं कमी केलं असतं तर वाचला असता असं मनात आणू नका. फास बसायच्या आधी ती बहुतेक वेळा कळतच नाही, कित्येक घोडे अशा गाठी घेऊन आयुष्य काढतात.

हवा ओढणाऱ्या घोड्याबद्दल तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. यकृताजवळ, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधे एक अरुंद फट असते, लहान आतड्याचा वेटोळा तिच्यात घुसून अडकतो आणि ही खोड असलेल्या घोड्यांत ते प्रमाण जास्त आढळलंय. पट्टा बांधून खोड दबते, पण त्याने हा धोका टळतो असं ठामपणे म्हणता येत नाही. तो जास्तीत जास्त वेळ मोकळा चरेल आणि पुढ्यात सुका चारा राहील एवढं बघा.

अंडील घोड्याचं पोट दुखलं की आधी वृषणं चाचपा! हे फार जण विसरतात. जोरात पळाल्यावर किंवा घोडीवर सोडल्यावर आतडं जांघेतल्या वाटेने खाली उतरून अडकतं, मग एका बाजूचं वृषण सुजून टणक आणि गार लागतं. लवकर सापडलं तर घोडा वाचतो.

टेपवर्मकडेही (पोटातले चपटे जंत) लक्ष द्या, त्यामुळे आतड्यात आतडं शिरायचा प्रकार होऊ शकतो. नुसत्या आयव्हरमेक्टिनने टेपवर्म मरत नाही, प्राझिक्वांटेल असलेली पेस्ट लागते.

पागेवाली:
दादा, आम्ही माथेरानला असतो, गाडी वर येतच नाही, दस्तुरीपर्यंत घोडा चालवत न्यावा लागतो, म्हणून आम्ही एक नियम ठेवलाय. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवून नाडी मोजायची, पंधरा सेकंदांचे ठोके गुणिले चार. निवांत घोड्याची २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली आणि इंजेक्शननंतरही खाली येईना, की दुसऱ्या डोसची वाट न बघता गाडी सांगायची. औषधाने दुखणं झाकलं जातं, फास तसाच राहतो. आणि डॉक्टरांना पोटातलं पाणी सुईने काढून बघायला सांगा, पिवळसर स्वच्छ आलं तर थोडा धीर धरता येतो, लालसर आलं तर नाही.

शिवारवैद्य:
ताईंनी लिहिलंय ते अगदी बरोबर. फास बसलेलं आतडं काही तासांत मरायला लागतं, सगळा खेळ वेळेचा आहे.

धागाकर्ता:
डॉक्टरसाहेब, ताई, मनापासून आभार. अंडील घोड्याचं मला खरंच माहीत नव्हतं, आजच आमच्या मोतद्दारालाही दाखवून ठेवतो. दोन पिकअपवाल्यांशी बोलून त्यांचे नंबर तबेल्याच्या दारावर लावतोय. आता एवढंच हवंय, ज्यांच्या घोड्याचं पोट उघडून ऑपरेशन झालंय त्यांनी कुठे केलं, रात्री-अपरात्री डॉक्टर हजर होते का, आणि खर्च किती आला ते इथे लिहा. पाचगणीहून घाट उतरून वेळेत पोचता येईल अशी जागा आधीच ठरवून ठेवायची आहे.