मदत हवी आहे : सासूबाईंनी माळ काढून ठेवलीय
नमस्कार मंडळी. यांचं आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस चालू आहे. किडनीसाठी नाव नोंदवलंय, नंबर कधी लागेल माहीत नाही. सासूबाई माळकरी, वीसेक वर्षं आळंदीहून पायी वारी केलेल्या. परवा त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून निरांजनाशेजारी ठेवली. हरिपाठही बंद. म्हणाल्या, “आता काय मागू त्याच्याकडे?” 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, तरी त्यांनी विठ्ठल सोडला नाही, हे ओठांवर आलं, पण बोलवेना. त्या आई आहेत हो. तुमच्या घरी अशा वेळी कुणी कसं सावरलं? आणि माळ पुन्हा घालायला पंढरपूरलाच जावं लागतं का? त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. वारकरी घरातल्यांनी कृपया सांगा.