ओत्रांतोसाठी एक दिवस पुरेल का?

प्रश्न : मे महिन्यात इटलीतील लेच्चे येथे मुक्काम असताना एक दिवस जवळच्या ओत्रांतो शहरासाठी राखून ठेवला आहे. कॅथेड्रल आणि किल्ला पाहून समुद्रकाठी निवांत बसायला वेळ उरेल का?

पहिले उत्तर : वेळ नक्की उरेल, मात्र कॅथेड्रलमध्ये घाई करू नका. तेथील जमिनीवरचे मोझॅक (लहान तुकडे जुळवून केलेले चित्र) पांतालेओने या भिक्षूने ११६३ ते ११६५ या काळात घडवले. मुख्य दारातून आत शिरताच पायाशी दोन हत्ती दिसतात, त्यांच्या पाठीवर उभा असलेला वृक्ष थेट वेदीच्या दिशेने वाढत जातो आणि त्याच्या फांद्यांत नोहाची नौका, अलेक्झांडर, बारा महिन्यांची शेतीची कामे, इतकेच काय, बोकडासारख्या प्राण्यावर बसलेला राजा आर्थरही भेटतो. माझ्या मते केवळ यासाठीही ओत्रांतोला जावे.

दुसरे उत्तर : कॅथेड्रलमधील उजवीकडचे चॅपलही (छोटे प्रार्थनागृह) पाहावे, पण मुले सोबत असल्यास त्यांना आधी कल्पना द्यावी. १४८० मध्ये ऑटोमन सैन्याने शहर जिंकल्यावर मारल्या गेलेल्या सुमारे ८०० रहिवाशांच्या कवट्या व अस्थी तेथे काचेआड रचून ठेवल्या आहेत. २०१३ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. हा इतिहास माहीत असला, की त्यानंतर नव्याने बांधलेल्या किल्ल्याच्या जाड भिंतींचा अर्थ उमगतो.

तिसरे उत्तर : रेल्वेने जाता येते, परंतु वाटेत गाडी बदलावी लागते, म्हणून परतीची वेळ आधीच पाहून ठेवा. स्वतःचे वाहन असल्यास पुंता पालाशाच्या दीपगृहापर्यंत जा. मुख्य भूमीवरील इटलीचे ते सर्वांत पूर्वेकडचे टोक आहे.