मदत हवी आहे: सेकंडहँड जॅग्वार आय-पेस (२०२१) घ्यावी का? बॅटरी तपासायची कशी?

मंडळी नमस्कार,

तीन आठवडे झाले, डोकं नुसतं भणभणलंय, म्हणून शेवटी धागा काढतोय. लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

ओळखीतून एक आय-पेस (जॅग्वारची इलेक्ट्रिक एसयूव्ही) बघायला मिळाली. नोव्हेंबर २०२१ चं रजिस्ट्रेशन, पुणे पासिंग, पहिलाच मालक, ४१ हजार किमी. भारतात आली तेव्हा एक्स-शोरूमच १ कोटी ६ लाखांच्या घरात होती, हे गृहस्थ ३९ लाख मागतायत आणि एजंट हळूच कानात सांगतो की ३६ ला तुटेल. तेवढ्या पैशांत महिंद्राची नवी कोरी इलेक्ट्रिक एक्सईव्ही नाइन-ई टॉप मॉडेल येते आणि वर पहिल्या मालकाला बॅटरीची लाइफटाइम वॉरंटी, हे मला कळतं, बायकोनेही दिवसातून दोनदा सांगून झालंय. पण एकदा ती गाडी चालवली ना. चांदणी चौकातून वर येताना पाय जरा दाबला तर पोटातलं सगळं पाठीला चिकटलं. ६९६ एनएम टॉर्क म्हणजे काय ते ब्रोशरमध्ये कळत नाही.

आता भीती कशाची ते सांगतो. पहिली म्हणजे रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं. अमेरिकेत या गाडीच्या बॅटरीला आगीचा धोका म्हणून रिकॉल झालेत, आधी २०१९ मॉडेल आणि मग २०२०-२१ च्या गाड्याही. दुरुस्ती होईपर्यंत ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नका, घरापासून लांब उघड्यावर लावा असं मालकांना सांगितलं होतं. आमचं पार्किंग बेसमेंटला, वर अकरा मजले माणसं. सोसायटीच्या सेक्रेटरींना हे कळलं तर चार्जरची एनओसी मिळणं सोडाच, मलाच बाहेर काढतील. (गाडी ऑस्ट्रियात ग्राझला बनलेली, सेल एलजीचे, म्हणजे "ते अमेरिकेतलं, आपलं वेगळं" हे एजंटचं लॉजिक मला काही पटत नाही.)

दुसरी भीती, आय-पेसचं प्रॉडक्शनच बंद झालंय. कंपनीचे मालक टाटा, म्हणजे नात्याने पिंपरीचीच गाडी, पण नात्याने पार्ट मिळत नाहीत. माझ्या एका मित्राच्या इलेक्ट्रिक लक्झरी गाडीचा (कंपनी दुसरीच, नाव घेत नाही) ऑनबोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेला) गेला, पार्ट यायला सात आठवडे लागले आणि तोवर हा बाबा रिक्षाने ऑफिसला.

वॉरंटी बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, आणि क्षमता घटल्याचा क्लेम ती ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच. म्हणजे २०२९ पर्यंत कव्हर आहे असं धरतोय. पण ७१ टक्क्यांवर असली तर? ते नुकसान माझंच ना?

वापर: रोज बावधन ते खराडी आणि परत, महिन्यातून एकदा गुहागरला आईबाबांकडे, ताम्हिणीने अडीचशे किमीच्या आसपास. फुल चार्जला डिस्प्लेवर ३४० किमी रेंज दाखवत होती. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

अवांतर: दाराची हँडल बॉडीत लपलेली असतात आणि गाडी उघडली की बाहेर येतात. मागचं डावं हँडल आलंच नाही. मालक म्हणे "कधीकधी होतं". हे कधीकधी होतं प्रकरण किती सिरियसली घ्यायचं?

अर्थिंगवाला
३४० वर अजिबात जाऊ नका. तो आकडा गाडी मागच्या मालकाच्या पायावरून काढते. त्याने हळू चालवली असेल तर जास्त, रेटली असेल तर कमी. त्यावरून बॅटरीची तब्येत कळत नाही.

घरगुती उपाय सांगतो. मालकाच्या घरी वॉलबॉक्स (भिंतीवरचा चार्जर) असेलच, ७.४ किलोवॉटचा. गाडी २० टक्क्यांवर आणायची, चार्जिंगचं युनिट मोजणारा मीटर बघून फोटो काढायचा, आणि ८० टक्के झाले की परत फोटो. आठ तासांच्या आत काम होतं, रात्रीत उरकतं. या गाडीची बॅटरी ९० ची असली तरी वापरायला मिळते ८४.७ युनिट, त्याचे ६० टक्के म्हणजे साधारण ५१. एसी चार्जिंगमध्ये दहा टक्के इकडेतिकडे जातात, म्हणून चांगल्या बॅटरीला मीटरवर ५६ च्या आसपास लागायला हवेत. समजा ४९ च लागले तर बॅटरी ८७ टक्क्यांवर आलीय. अगदी लॅबसारखं अचूक नाही, पण एजंटच्या "एकदम मक्खन" पेक्षा बरं. आणि सर्व्हिस सेंटरकडून स्टेट ऑफ हेल्थचा (बॅटरीची किती क्षमता उरलीय त्याचा) रिपोर्ट लेखी मागाच, तोंडी नको.

१२ व्होल्टची बॅटरी कधी बदलली तेही विचारा. लोक सगळे मोठ्या बॅटरीला घाबरतात आणि रस्त्यात अडकतात या छोटीमुळे. ती मेली की मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टरच, ओढले जात नाहीत, खाली ८० टक्के चार्ज पडलेला आणि गाडी ढिम्म.

वाशिष्ठीकाठी
चिपळूणचा आहे, २०२१ चा पूर दारातून बघितलाय, त्यामुळे माझा एकच प्रश्न. जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं त्या दिवशी ही गाडी कुठे उभी होती? मालक कुठे राहतो ते आधी बघा. पुढच्या सीटचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटच्या वीतभरात चिखलाची रेघ दिसते, ती कुणी धूत नाही. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का, डिकीचं कार्पेट उचलून वास बघा. मग गाडी लिफ्टवर घ्या. बॅटरी पूर्ण फ्लोअरखाली आहे आणि आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीतच आहेत. खालच्या प्लेटला खोल खरचटलं असेल तर उद्या क्लेम करताना इन्शुरन्सवाला जुना मार म्हणून हात वर करेल.

आणि गुहागर रूटचं म्हणाल तर जाताना ताम्हिणी उतरताना थोडं परत मिळतं, मजा येते. येताना चढ. ८० टक्क्यांचं बंधन आलं तर ३४० चे २७० होतात आणि मग माणगावच्या आसपास थांबणं आलं. ३० किलोवॉटच्या चार्जरवर दहा टक्क्यांचे ऐंशी करायला दोन तास धरा. दोन तासांत आईने दिलेले आंबे पिकतील, हलकं घ्या.

बावधनकर (धागाकर्ता)
सगळ्यांना धन्यवाद, खास करून अर्थिंगवाला. शनिवारी रात्री प्रयोग केला. मालकाला आधी वाटलं मी वीज चोरायला आलोय, मग युनिटचे पैसे मीच देतो म्हटल्यावर हसला. सकाळी मीटरवर ५२ युनिट. म्हणजे हिशोबाने ९२ टक्के, बरोबर ना? सीटबेल्ट ओढला, स्वच्छ. १२ व्होल्टची अजून ओरिजिनलच आहे. खाली मात्र पुढच्या बाजूला हातभर लांब ओरखडा आहे, प्लेट दबलेली वाटत नाही पण बोट फिरवलं की कड लागते.

आता एजंट म्हणतो दुसरं गिऱ्हाईक मुंबईहून येतंय, ५० हजार टोकन आज टाका. टाकू का?

अर्थिंगवाला
९२ बरोबर, चार वर्षांच्या गाडीला छान आहे.

टोकन टाकू नका. मुंबईचं गिऱ्हाईक प्रत्येक एजंटकडे असतं. आधी आरसीवरचा चासी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि तीन गोष्टी लेखी घ्या: या नंबरवर रिकॉल किंवा सॉफ्टवेअरचं काम बाकी आहे का, बॅटरीची वॉरंटी नेमकी कुठल्या तारखेपर्यंत, आणि तो ओरखडा त्यांच्या मते वॉरंटीला बाधा आणतो का. तिसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय ३६ सुद्धा बोलू नका. गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवायचा) बघा. एजंट नुसता कमिशनवर आहे की गाडी त्याने विकत घेतलीय तेही विचारा, कारण डीलरने घेऊन विकली तर त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो शेवटी तुमच्याच गळ्यात मारणार.

हँडलचं काम मालकाकडून करून घ्या. "कधीकधी" पावसातच होतं.

बावधनकर (धागाकर्ता)
सोमवारची अपॉइंटमेंट घेतलीय. बायको पण येतेय, म्हणते तिसरं उत्तर मी स्वतः ऐकणार.