पीकसंरक्षणाच्या बंदुकीला सायलेन्सर हवा का?

धुऱ्यावरचा (यवतमाळ जिल्हा)

आमच्या भागातील काही बंदूक परवानाधारक शेतकऱ्यांनी जिल्हाधिकाऱ्यांना देण्यासाठी एक निवेदन तयार केले असून ते सहीसाठी माझ्याकडेही आले आहे. त्यात तीन मागण्या आहेत. निवडणुकीच्या काळात पीकसंरक्षणाच्या बंदुका सरसकट जमा करून घेऊ नयेत. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) मारण्याच्या परवानगीचे अर्ज मुदतीत निकाली काढावेत. आणि नळीच्या तोंडाला आवाज दाबणारे नळकांडे, म्हणजे आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो ते, बसवण्याची मुभा मिळावी. पहिल्या दोन मागण्या माझ्याही आहेत. तिसरीमुळे मी सही केली नाही, आणि का केली नाही हे येथे सविस्तर मांडतो, कारण मला भित्रा ठरवण्याआधी माझे म्हणणे ऐकले जावे अशी इच्छा आहे.

माझ्याकडे वडिलांकडून आलेली बारा बोरची दुनाळी आहे. वावर जंगलाला लागून आहे आणि तूर शेंगेवर आली की मी रोज जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, जातो. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा परवाना सांगितला आहे, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना देता येतो. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात एक तर भरमार (ठासणीची बंदूक) आहे, नाही तर बारा बोर. आता सायलेन्सर काम कसा करतो ते पाहावे. त्याच्या आत पडद्यांमागे पडदे असतात. नळीतून बाहेर पडणारा तापलेला वायू त्या कप्प्यांत अडून पसरतो आणि थंड होतो, म्हणून दणका कमी होतो. हे यंत्र एकच गोळी सरळ जाणाऱ्या रायफलसाठी सोयीचे आहे. छर्ऱ्याच्या बंदुकीसाठी ते बरेच मोठे आणि जड करावे लागते. माझ्या दुनाळीच्या दोन नळ्या तर एकमेकींना चिकटून झाळलेल्या आहेत. त्यावर ते बसवायचे कोठे? भरमारीच्या काळ्या दारूने त्याचे कप्पे काजळीने भरून जातील. जी वस्तू आपल्या हत्याराला नीट लागतच नाही, तिच्यासाठी आपण आपल्या खऱ्या मागण्या का अडवून धरायच्या?

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. मी आजवर जे बार काढले त्यांतले बहुतेक जनावर मारण्यासाठी नव्हते, कळप उठवण्यासाठी होते. एक दणका झाला की तुरीतले डुक्कर फुसफुसत धुरा ओलांडून नाल्याकडे पळते आणि शेजारच्या वावरातला जागल्याही सावध होतो. तो दणकाच काढून घेतला तर माझ्या हातात उरते काय?

पहिल्या मागणीविषयी मात्र मला संताप आहे आणि तो मी लपवत नाही. २०२४ मध्ये विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. तूर फुलावर येऊन शेंगा धरते ती नेमकी याच दिवसांत. बंदूक ठाण्यात जमा, आणि वावरात डुकरांचा कळप. निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करायचा असतो. जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, निवडणुकीत दंगा केलेले यांची शस्त्रे प्रामुख्याने जमा करून घ्यायची असतात. माझ्यावर कोणताही गुन्हा नाही, तरी मला निरोप आला तो सगळ्यांसोबत. बंदूक परत मिळाली तेव्हा घोड्याला तारेने बांधलेली चिठ्ठी तशीच होती, आणि डाव्या नळीत उजेडाकडे धरून पाहिले तर आत नारिंगी गंजाचे ठिपके उठले होते. तेलाची चिंधी फिरवून फिरवून मी ते घासले. दोन ठिपके अजून गेलेले नाहीत.

नेमधारी (अमरावती जिल्हा)

भाऊ, आपल्या पहिल्या मागणीशी मी शंभर टक्के सहमत आहे, परंतु सायलेन्सरबाबत आपण सगळ्या परवानाधारकांना आपल्या दुनाळीच्या मापाने मोजत आहात. माझ्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावरची ३१५ बोरची रायफल आहे आणि तिच्यावर हे यंत्र बसू शकते.

सिनेमात दाखवतात तशी बंदूक त्याने मुकी होत नाही, हे आधी स्पष्ट करतो. बंदुकीचा किंवा रायफलचा बार साधारण १५० ते १६५ डेसिबलचा असतो, आणि १४० डेसिबलच्या पुढचा एकच दणकाही कानाला कायमची इजा करू शकतो. चांगला सायलेन्सर त्यातून २० ते ३० डेसिबल कमी करतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असल्यामुळे हवेत होणारा तिचा फटका तसाच राहतो, म्हणून गावाला बार ऐकू येतोच; फक्त बार काढणाऱ्याचा कान वाचतो. माझ्या काकांनी आयुष्यभर जागल केली. आज त्यांना उजव्या कानाने नातवाचे बोलणे ऐकू येत नाही आणि रात्री कानात सतत रातकिडे वाजतात असे ते सांगतात. कानावर बोंडे लावा असे कोणी म्हणेल, पण जागलीत साधी बोंडे लावली तर तुरीतली खसखस ऐकू येत नाही. मग जागल कसली?

नॉर्वे आणि न्यूझीलंड या देशांत शिकारी हे यंत्र दुकानातून सरळ विकत घेतात. अमेरिकेत १९३४ च्या कायद्याने त्यावर २०० डॉलरचा कर बसवला होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे. नोंदणी मात्र तेथे कायम आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियमाच्या कलम २ मधील ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा झोत कमी करणाऱ्या साधनाचा समावेश केला आहे, म्हणजे कान वाचवणारे नळकांडे आणि तोफ एकाच व्याख्येत बसतात. त्याची परवान्यावर नोंद करा, त्यावर क्रमांक कोरा, तपासणीला बोलवा. पण सरसकट मनाई नको. आपल्या वाघांचा घात बंदुकीने झाला असेही म्हणता येत नाही. मेळघाटात २०१२-१३ च्या सुमारास ज्या टोळ्यांनी वाघ मारले त्यांनी लोखंडी सापळे वापरले होते.

मोहफूल (चंद्रपूर जिल्हा)

मी बंदूक बाळगत नाही आणि बाळगू इच्छित नाही. आमच्या गावातल्या बाया चैत्रात पहाटे अंधारातच मोहफुले वेचायला जातात, पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. वाघाची भीती आम्हाला आहेच. त्यात माणसाच्या बंदुकीची भर नको. बार ऐकू आला की आम्ही ती दिशा सोडतो आणि मोठ्याने एकमेकींना हाका मारू लागतो, म्हणजे पलीकडच्याला येथे माणसे आहेत हे कळावे. नेमधारी दादा म्हणतात की गावाला बार ऐकू येईल. गावाला कदाचित येईल. पण दोन टेकड्यांपलीकडे वाकून फुले वेचणाऱ्या बाईला तो कोणत्या दिशेने आला हे कळेल का, हा माझा प्रश्न आहे.

वाघ सापळ्यात मारले गेले हे खरे आहे. चितळ आणि डुक्कर मात्र मांसासाठी भरमारीने मारले जातात, हे जंगलालगतच्या कोणत्याही गावाला ठाऊक आहे. वनरक्षकाकडे मोठे क्षेत्र असते, हातात बहुधा काठी असते, आणि रात्री शिकार चालली आहे हे त्याला पहिल्यांदा कळते ते आवाजावरूनच. आपल्या कानाची काळजी मला पटते, दादा, आणि काकांचे ऐकून वाईटही वाटले. तरीही ज्या साधनाचा सर्वांत मोठा फायदा चोरट्या शिकाऱ्याला होईल ते बाजारात आणू नये, असेच मी म्हणेन.

कोरडवाहू (वाशीम जिल्हा)

माझी चार एकर जमीन आहे आणि परवाना नाही. गावात बंदुका दोन, शेतकरी शेकड्याने. तेव्हा ही चर्चा थोड्या लोकांची आहे हे लक्षात असू द्यावे. परवाना नसलेला माणूस काय करतो? कोणी सुतळी बॉम्ब फोडतो, कोणी पाइप आणि कार्बाइडची तोफ वापरतो. २०२५ च्या दिवाळीत याच कार्बाइडच्या तोफांनी शेजारच्या मध्य प्रदेशात मुलांचे डोळे गेले. आणि सर्वांत वाईट म्हणजे कोणी तारेवर आकडा टाकून कुंपणात वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी यांतला फरक कळत नाही. सायलेन्सरवर भांडण्यापेक्षा सौर कुंपण मागा. ते डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांना अनुदानावर मिळते. आमच्यासारख्या जंगलापासून लांबच्या गावांत रोह्यांचे कळप येतात, तेथे ते का नको?

धुऱ्यावरचा

तिघांचेही लिखाण पुन्हा पुन्हा वाचले.

कोरडवाहू भाऊ, कुंपणाची मागणी निवेदनात घालायलाच हवी. ती माझ्या ध्यानात आली नाही ही माझी चूक. परंतु बंदूक थोड्यांकडे आहे म्हणून तिचा उपयोग थोड्यांनाच होतो असे नाही. माझ्या धुऱ्याला लागून सहा जणांची वावरे आहेत, आणि डुक्कर फिरकले की ते मलाच फोन करतात. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रमर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्नात-वरातीत बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. हे सर्व मला मान्य आहे. कायदा सैल व्हावा असे मी म्हणतच नाही. प्रामाणिक परवानाधारकाला त्याने ओळखावे, एवढेच म्हणतो.

नेमधारी, कानाचा मुद्दा मी हलका समजत होतो, तो आता समजणार नाही. माझ्याही कानात शिटी वाजते. ती वयाने असेल असे मी धरून चाललो होतो. परंतु नॉर्वेचे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण तेथे शिकार हा कायदेशीर हंगामी व्यवहार आहे आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. पिकाचे नुकसान करणारे जनावर मारायचे तर कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. रोही आणि रानडुक्कर यांच्याबाबत हा अधिकार २०१५ च्या शासन निर्णयाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आला. प्रत्यक्षात मी अर्ज घेऊन गेलो तेव्हा आधी पंचनामा आणा असे सांगितले गेले, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाच दिवस गेले, आणि तोवर अर्ध्या एकरातला हरभरा नांगरल्यासारखा उलटा झाला होता. आपली ताकद तेथे लावू या. शिवाय रायफलची गोळी सपाट रानात किलोमीटरभर जीव घेऊ शकते. छर्रा काही शे मीटरमध्ये जमिनीवर येतो. चहूकडे जागलीची माणसे असलेल्या मुलखात मला छर्राच बरा वाटतो.

मोहफूल ताईंनी दिशेबद्दल जे लिहिले ते माझ्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा वजनदार आहे. मी तिसरी मागणी काढून तेथे दोन नव्या घालाव्यात असे सुचवतो: लांबच्या गावांनाही सौर कुंपणाचे अनुदान, आणि परवानाधारकांना बारीक आवाज ऐकू देणारी पण दणका अडवणारी इलेक्ट्रॉनिक कानबोंडे सवलतीत. ही बोंडे मिळतात, पण महाग असतात.

नेमधारी

बोंडे मी एका नेमबाजाकडून मागून चार रात्री वापरून पाहिली आहेत. पाचोळ्यातला उंदीरही ऐकू येतो. मात्र आवाज कोणत्या बाजूचा हे नीट उमगत नाही, आणि दवाने बॅटरीच्या कप्प्यात ओल धरते. तरीही काहीच नसण्यापेक्षा ती चांगली, हे कबूल करतो.

सायलेन्सरवरचे माझे मत बदललेले नाही. पण व्याख्या केंद्राच्या कायद्यात आहे आणि ती बदलणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही, त्यामुळे ही मागणी त्यांच्याकडे नेऊन उपयोग नाही, हे मला आधीच सुचायला हवे होते. ती मी माझ्या नावाने, काकांच्या कानाच्या तपासणीचा कागद जोडून, केंद्रीय गृह मंत्रालयाला स्वतंत्रपणे लिहीन. बदललेल्या निवेदनावर माझी सही धरा. ते तूर शेंगेवर येण्याआधी पोहोचेल एवढे पाहा.