कूस बदलली की घर फिरतं, त्याबद्दल

वर एका ताईंनी लिहिलंय की आईला कूस बदलली की घर गरगर फिरतं, आणि बहुतेकांनी मानेच्या मणक्यावर बोट ठेवलंय. ताई, आधी कान तपासून घ्या.

आमच्या सासूबाईंचं हेच झालं. कळव्याच्या घरी पहाटे उठल्या की ओट्याची कड धरून डोळे मिटून उभ्या राहायच्या. चार महिने मानेला पट्टा! शेवटी नौपाड्यातल्या एका कानाच्या डॉक्टरांनी मान वळवून झटकन आडवं केलं, तेव्हा सासूबाईंची बुबुळं थरथरताना मी स्वतः पाहिली.

आतल्या कानात एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्यातला द्रव क्षणभर मागे राहतो, बारीक केसांच्या पेशी वाकतात आणि आठव्या, म्हणजे कानाच्या मज्जातंतूतून मेंदूला निरोप जातो. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात, रांगोळीपेक्षाही बारीक. ते निसटून नलिकेत शिरले की डोकं थांबल्यावरही द्रव हलत राहतो. कान म्हणतो फिरतोय, डोळे म्हणतात नाही. ही गरगर बहुधा मिनिटभरात ओसरते.

डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण परत पिशवीत नेतात; अमेरिकेतले कानाचे डॉक्टर जॉन एप्ली यांची ही पद्धत 1992 साली प्रसिद्ध झाली. सासूबाईंना दोन खेपांत उतार पडला.

मात्र चक्करेबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळा पडला तर थेट इस्पितळ गाठा.