डिव्हाइस ट्रीमध्ये जीपीआयओ कंट्रोलरची नोंद: ड्रायव्हर सुरूच होत नाही

प्रश्न:
नमस्कार. तापकीर गल्लीतून आणलेली पीसीएफ८५७४ए ही चिप (आठ डिजिटल ओळी देणारा जीपीआयओ कंट्रोलर) भोसरीतील आमच्या वर्कशॉपमध्ये आठ रिले (विजेवर चालणारे स्विच) चालवण्यासाठी आय-टू-सी बसवर (चिप जोडण्याच्या दोन तारांच्या मार्गावर) जोडली आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कोणते हार्डवेअर कुठे जोडले आहे हे लिनक्सला सांगणाऱ्या नोंदीत, पत्ता हेक्स (१६ पायाच्या अंकपद्धतीत) २० दिला आहे, तरीही लिनक्स सुरू होताना ड्रायव्हर त्रुटी दाखवून थांबतो. चिप बिघडलेली असावी का?

उत्तर १:
चिपला लगेच दोष देऊ नका. नावाच्या शेवटी असलेला ‘ए’ महत्त्वाचा आहे, कारण साध्या पीसीएफ८५७४ चे पत्ते हेक्स २० पासून, तर ‘ए’ असलेल्या चिपचे हेक्स ३८ पासून सुरू होतात. पत्त्याच्या तिन्ही पिना ग्राउंडला असतील, तर डिव्हाइस ट्रीतील ‘रेग’मध्ये (पत्त्याच्या रकान्यात) हेक्स ३८ लिहा आणि ‘कम्पॅटिबल’मध्येही (चिपच्या नावाच्या रकान्यात) ‘ए’ असलेलेच नाव द्या.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे, ड्रायव्हर चालू झाला. मात्र १ लिहिले की रिले बंद होतो आणि ० लिहिले की चालू होतो.

उत्तर २:
बाजारातले बहुतेक रिले बोर्ड असेच उलटे असतात. कंट्रोलरच्या नोंदीत ‘#जीपीआयओ-सेल्स’ (प्रत्येक ओळीसाठी किती आकडे द्यायचे ती संख्या) २ असेल, तर डिव्हाइस ट्रीतील रिलेच्या नोंदीत कंट्रोलरच्या संदर्भानंतर दोन आकडे येतात. पहिला ० ते ७ मधील ओळीचा क्रमांक आणि दुसरा फ्लॅग, जिथे १ म्हणजे ‘ॲक्टिव्ह लो’ (ओळ ० पातळीवर असताना ‘चालू’ मानणे). हा फ्लॅग कर्नलमधील (लिनक्सच्या गाभ्यातील) ड्रायव्हरपुरताच लागू पडतो. ‘जीपीआयओसेट’ या टर्मिनलवरील आज्ञेने थेट ओळ हलवत असाल, तर ‘ॲक्टिव्ह लो’चा पर्याय त्या आज्ञेतच द्यावा लागेल, मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवला आहे.