सर्जिकल वॉर्डात सिस्टर किती हव्यात: खाटा मोजून की पेशंटची गरज मोजून?

रात्रपाळी
'इतक्या खाटांना एक सिस्टर' हा हिशेब सर्जिकल वॉर्डात तरी बंद व्हावा, असं माझं ठाम मत आहे. हर्नियाचं ऑपरेशन होऊन उद्या घरी जाणारा आणि आतडं कापून जोडलेला पहिल्या दिवसाचा पेशंट, यादीत दोघंही एकेकच. दुसऱ्याला दोन ड्रेन (पोटात साचणारं पाणी-रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या), नाकातली नळी, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, एपिड्युरल म्हणजे दुखणं कमी करायला पाठीत घातलेली बारीक नळी, दर तासाला लघवीचं माप, आणि कुशीवर वळवायला दोन माणसं.

शिवाय मोजणी बहुतेकदा रात्री बाराची. सकाळी एकाला डिस्चार्ज, दुपारी त्याच खाटेवर ओटीतून (ऑपरेशन थिएटरमधून) आलेला नवा. कागदावर खाट एकच भरलेली. प्रत्यक्षात एक डिस्चार्ज, एक भरती आणि पहिल्या काही तासांचं दर थोड्या वेळाने बीपी-नाडी बघणं.

म्हणून दर पाळीला प्रत्येक पेशंटला गरजेप्रमाणे गुण द्यावेत आणि त्या बेरजेवर माणसं ठरवावीत.

साधा_हिशेब
विरोध. तुमचे गुण भरणार कोण? तीच सिस्टर, जिला आधीच वेळ नाही.

आणि साध्या मोजणीला कमी लेखू नका. २००२ साली अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतले २ लाख ३२ हजारांवर सर्जरीचे पेशंट अभ्यासले. सिस्टरमागे एकेक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यात सिस्टरचं मोजमाप तिच्या वाट्याला किती पेशंट, एवढंच होतं. कॅलिफोर्नियाने प्रमाण कायद्यात घातलं, २००४ पासून लागू केलं; मेडिकल-सर्जिकल वॉर्डात आता एका सिस्टरकडे जास्तीत जास्त ५ पेशंट, तेही जेवणाच्या सुट्टीची वेळ धरून. हा आकडा पेशंटचा नातेवाईकही तपासू शकतो. तुमची बेरीज कोण तपासणार?

रात्रपाळी
कॅलिफोर्नियाचं अर्धंच सांगितलंत. तिथलं प्रमाण हे किमान आहे. त्यावर किती माणसं लागतील ते पेशंटच्या वर्गीकरणावरूनच ठरवावं, असं तोच नियम सांगतो. म्हणजे तळ तुमचा, वरचं सगळं माझं.

ओटी_टेबल
मी ऑपरेशन करणाऱ्यांपैकी. इन्चार्ज सिस्टरला राउंड घेताच कळतं की आज वॉर्ड जड आहे. तिला फॉर्म कशाला? अनुभवी नजर कुठल्याही तक्त्यापेक्षा लवकर धोका ओळखते.

मेट्रनबाई
डॉक्टर, ओळखते हो, पण ओळखून करते काय? 'वॉर्ड जड आहे' असं फोनवर सांगितलं की उत्तर येतं, 'आजच्या दिवस सांभाळून घ्या.' सलग महिन्याभराचे आकडे समोर ठेवले तर निदान तेवढ्या सहज टाळता येत नाही.

तक्ता कसा असावा, यावर मात्र भांडायला हवं. १९७४ साली आलेल्या 'टिस' (TISS) या गुणतक्त्यात उपचार मोजायचे: किती नळ्या, कोणती यंत्रं. २००३ चा 'नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर' २३ बाबींचा. त्यात पेशंटची स्वच्छता, त्याला हलवणं-वळवणं, नातेवाइकांशी बोलणं आणि कागदपत्रंही धरली. १०० गुण म्हणजे एका सिस्टरचा पूर्ण वेळ. पण दोन्ही अतिदक्षता विभागासाठी बनलेले. वॉर्डात जसेच्या तसे उचलले तर फसगत होईल. सर्जिकल वॉर्डात उद्याच्या ऑपरेशनच्या भीतीने झोप न लागलेला पेशंट असतो, स्टोमाची (शौचासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) पिशवी स्वतः बदलायला शिकणारी बाई असते. तिला नळी एकही नाही, वेळ मात्र भरपूर लागतो.

साधा_हिशेब
मेट्रनबाई, तुम्ही तर माझंच काम सोपं केलंत. आकडा टाळता येत नाही म्हणता? जर्मनीने १९९३ मध्ये नेमकं हेच केलं. रोज प्रत्येक पेशंटला सर्वसाधारण शुश्रूषेच्या तीन आणि विशेष शुश्रूषेच्या तीन पायऱ्यांत बसवून त्यावरून मिनिटं काढायची. जागा अंदाजापेक्षा जास्त लागतात असं निघालं, खर्च वाढला, आणि काही वर्षांतच पद्धत गुंडाळली. मोजमाप चुकलं म्हणून नव्हे, उत्तर महाग पडलं म्हणून. ठरलेलं प्रमाण असं सहज गुंडाळता येत नाही.

रात्रपाळी
आणि २०२४ मध्ये तीच पद्धत सुधारून परत आणावी लागली, हेही लिहा की.

ओटी_टेबल
एक शंका उरतेच. गुणांवर माणसं मिळणार असतील तर गुण फुगणार नाहीत?

मेट्रनबाई
फुगतील. म्हणून दर महिन्याला काही पेशंटचे गुण दुसऱ्या वॉर्डच्या सिस्टरने, पहिले न बघता, द्यायचे. फरक फार आला की दोघींना एकत्र बसवायचं. त्याहून अवघड प्रश्न साधा_हिशेब यांनी अजून विचारलेलाच नाही: संध्याकाळी पाच वाजता बेरीज वर गेली तर जादा सिस्टर येणार कुठून? कुठल्याच वॉर्डला न बांधलेल्या चार-पाच सिस्टर दर पाळीला हाताशी नसतील तर मी स्वतः हा तक्ता सुरू करणार नाही.

साधा_हिशेब
त्या चार-पाच जणी असतील तर माझा विरोध निम्मा कमी. पण त्यांच्या जागा आधी मंजूर होऊ देत, फॉर्म नंतर छापा.